नवरदेवाचा चेहरा आणि डिसेंबरची डिस्क

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या सिनेमाबद्दल बोलणार आहे, त्यातले निम्मे विनोद या माइकवरून सांगता येणार नाहीत. उरलेल्या निम्म्यातले सांगायला घेतले, तर तुमच्या घरातलं कुणीतरी आवाज कमी करायला उठेल. तेव्हा विनोद बाजूला ठेवतो. सिनेमा चावट आहे, पण त्याच्या डीव्हीडीची गोष्ट अगदी सभ्य आहे. ती कोर्टात घडली.

सिनेमाचं नाव 'द हँगओव्हर पार्ट टू'. दिग्दर्शक टॉड फिलिप्स. अमेरिकेत तो २६ मे २०११ ला, एका गुरुवारी लागला. पहिला भाग २००९ चा. लास व्हेगासमध्ये लग्नाआधीची बॅचलर पार्टी, सकाळी कुणालाच काही आठवत नाही, आणि खुद्द नवरदेव गायब, एवढंच कथानक. साडेतीन कोटी डॉलरमध्ये तो सिनेमा झाला आणि जगभरात सेहेचाळीस कोटींच्या वर कमावून बसला. एवढा पैसा मिळाल्यावर दुसरा भाग न काढणारा निर्माता अजून जन्माला यायचाय.

दुसऱ्या भागात लग्न आहे स्टूचं. स्टू म्हणजे दातांचा डॉक्टर, पापभीरू माणूस. एड हेल्म्सने ही भूमिका केली आहे. लग्न थायलंडमध्ये, समुद्रकिनारी. मागच्या अनुभवाने पोळलेला स्टू म्हणतो, मला पार्टी नको, आपण सकाळी बसून पॅनकेक खाऊ आणि विषय संपवू. सासऱ्याला हा जावई मुळीच पसंत नाही. लग्नाच्या आदल्या जेवणात, सगळ्या पाहुण्यांसमोर, सासरेबुवा ग्लास उंचावून भाषण करतात आणि जावयाला तांदळाच्या पेजेची उपमा देतात. मऊ, पांढरी, बेचव. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना देतात ती. मला विचाराल तर अख्ख्या सिनेमातला सगळ्यात चांगला लिहिलेला प्रसंग हाच. त्यात एकही शिवी नाही. कोकणात पेज म्हणजे आजारपणातलं आणि उन्हाळ्यातलं सुख, त्यामुळे आपल्यातल्या काहींना तो अपमान अर्धाच लागू पडेल, पण स्टूचा चेहरा बघून हसू येतंच.

पुढे व्हायचं ते होतंच. किनाऱ्यावर शेकोटी, बिअर, भाजलेले मार्शमेलो. त्यांत स्टूच्या मित्राने, ॲलनने, घातलेलं औषध. आणि सकाळी बँकॉकच्या एका कळकट हॉटेलच्या खोलीत डोळे उघडतात. एकाचं टक्कल झालेलं. खोलीत एक माकड. पाण्याच्या भांड्यात एक तुटलेलं बोट, नवरीच्या धाकट्या भावाचं. तो भाऊ झालाय बेपत्ता. आणि नवरदेवाच्या डाव्या डोळ्याभोवती, कपाळापासून गालापर्यंत, काळंशार गोंदण. मुष्टियोद्धा माइक टायसनच्या चेहऱ्यावर आहे, हुबेहूब तसंच.

समीक्षकांनी सिनेमाला झोडपलं. पहिल्याच भागाचा साचा, फक्त गाव बदललं, असं बहुतेकांनी लिहिलं, आणि खोटं नाही ते. आठ कोटी डॉलर खर्चून त्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. लोकांनी तिकडे दुर्लक्ष केलं. पहिल्या शुक्रवार ते रविवारातच साडेआठ कोटींहून जास्त गल्ला जमला. जगभरातली कमाई अट्ठावन्न कोटींच्या पुढे गेली. म्हणजे पहिल्या भागापेक्षाही जास्त. गंमत म्हणजे याच्या तीन लेखकांपैकी एक क्रेग मेझिन. २०१९ मध्ये चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेवरची ती सुन्न करणारी मालिका लिहिली तो हाच, आणि त्याच वर्षी टॉड फिलिप्सने 'जोकर' केला. माकडाच्या विनोदांवर हात साफ करून माणसं कुठे पोचतील, सांगता येत नाही.

आता त्या गोंदणाकडे येऊ.

टायसनने ते २००३ च्या फेब्रुवारीत लास व्हेगासमध्ये करून घेतलं होतं, क्लिफर्ड एटिएनशी झालेल्या लढतीच्या थोडं आधी. टायसनच्याच सांगण्यानुसार त्याच्या मनात चेहऱ्यावर बदामाच्या आकृत्या काढून घ्यायचं होतं. टॅटू आर्टिस्टने त्याला त्यापासून परावृत्त केलं. क्रीडाविश्वावर हे केवढे उपकार आहेत, कल्पना करा. त्या आर्टिस्टचं नाव व्हिक्टर व्हिटमिल. हा माणूस कागदपत्रांत पक्का होता. त्याने टायसनची सही घेतलेली: या टॅटूसंबंधीची सगळी चित्रं, रेखाटनं आणि टॅटूचे फोटो यांची मालकी स्टुडिओची. ज्याच्या एका ठोशाला लोक घाबरत, त्याच्यासमोर फॉर्म सरकवून 'इथे सही करा' म्हणायला छाती लागते.

पहिल्या भागात टायसन स्वतःच स्वतःची भूमिका करत होता, तेव्हा व्हिटमिलने ब्रही काढला नाही. त्याचा चेहरा, त्याने कुठेही न्यावा. दुसऱ्या भागातही टायसनबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती दुसऱ्याच माणसाच्या तोंडावर आपली नक्षी उतरवली आणि पोस्टरवर झळकवली, त्याबद्दल. मला कुणी विचारलंच नाही, हे त्याचं म्हणणं.

इथे पडद्यामागची एक हकीकत सांगायलाच हवी. सिनेमात स्टूला गोंदवून देणारा बँकॉकचा टॅटूवाला हे एक छोटं पात्र आहे. आधी ते मेल गिब्सन करणार होता. युनिटमधल्या लोकांनी विरोध केला, तेव्हा त्याला वगळलं. मग लियाम नीसन आला, त्याने काम केलंही. नंतर सिनेमात काटछाट झाली, तो प्रसंग पुन्हा चित्रित करायची वेळ आली आणि नीसन दुसरीकडे अडकलेला. शेवटी निक कॅसाव्हेटीसने ते केलं. पडद्यावरच्या खोट्या टॅटूवाल्यासाठी तीन-तीन माणसं शोधली आणि खऱ्या टॅटूवाल्याला एक फोन केला नाही!

व्हिटमिलने एप्रिल २०११ मध्ये टॅटूची कॉपीराइट नोंदणी केली आणि महिनाअखेरीस वॉर्नर ब्रदर्सवर दावा ठोकला. मिझुरी राज्यातल्या सेंट लुईस इथल्या फेडरल कोर्टात. मागणी साधी: प्रदर्शन थांबवा. सुनावणी झाली प्रदर्शनाच्या आठवड्यात, सोमवारी. तोवर हजारो थिएटरांच्या तिकिटबाऱ्या सज्ज होत्या.

वॉर्नरने तज्ज्ञाचं लेखी निवेदन सादर केलं, ते डेव्हिड निमर यांचं. अमेरिकन कॉपीराइट कायद्यावर ज्या ग्रंथाचे दाखले सगळे वकील देतात, तो चालवणारे हेच निमर. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा की माणसाच्या कातडीवरची नक्षी कॉपीराइटमध्ये बसूच शकत नाही. बसली, तर गोंदवणारा त्या माणसाच्या अंगावरच हक्क सांगू लागेल, आणि मग गुलामगिरीविरुद्धच्या घटनादुरुस्तीचं काय करायचं? ऐकायला जोरदार आहे. न्यायाधीश कॅथरिन पेरी यांच्यावर मात्र त्याचा परिणाम झाला नाही. टॅटूला कॉपीराइट असू शकतो, यात वादच नाही, असं त्यांनी मंगळवारी निकाल देताना स्वच्छ सांगितलं. व्हिटमिल खटला जिंकण्याची शक्यता मोठी आहे, हेही सांगितलं. आणि एवढं सांगून मनाई हुकूम नाकारला! कारण असं, की सिनेमा अडवला तर देशभरातले थिएटरवाले, वितरक, ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नाही, त्यांचं नुकसान होईल. दोन दिवसांनी सिनेमा लागला.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, वॉर्नर सुटली. वकिलांना मात्र दिसत होतं की अजून डिस्क बाकी आहे.

अमेरिकेत तेव्हा शिरस्ता असा होता की मोठा सिनेमा उन्हाळ्यात थिएटरला आणायचा आणि डिस्क नाताळच्या तोंडावर, मंगळवार बघून बाजारात सोडायची. मेहुण्याला, ऑफिसातल्या मित्राला भेट म्हणून काय द्यायचं हा प्रश्न पडलेली माणसं दुकानात फिरत असतात. त्यांच्या हाताशी ती लागायला हवी. पहिल्या भागाची डिस्क १५ डिसेंबर २००९ ला आली होती आणि धो धो खपली होती. चावट विनोदी सिनेमांसाठी तर घरातला टीव्ही हेच खरं माहेर. पब्लिकमध्ये हसायला संकोच वाटतो तिथे माणूस घरी, दार लावून, मोकळेपणी हसतो. शिवाय थिएटरसाठी सर्टिफिकेट मिळवताना कापलेलं बरंच काही डिस्कवर परत घालता येई. तिथे डिस्कला रेटिंग घ्यायची सक्ती नाही. 'अनरेटेड' असा शिक्का कव्हरवर ठळक छापायचा. ती जणू जाहिरातच. त्याआधीच्या दशकात अशा सिनेमांचा निम्मा धंदा त्या एका शब्दावर चाले. प्रत्यक्षात वाढवलेलं काय असे? बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांचं, मूळ सिनेमात नव्हतं तेच बरं होतं असं वाटायला लावणारं.

आपल्याकडे गणित उलटं. इथे व्हिडिओलाही सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं. आणि टीव्हीवर 'ए' सिनेमा दाखवता येत नाही, त्यामागे मुंबई उच्च न्यायालयातली एक जनहित याचिका आहे, मुंबईतल्याच एका प्राध्यापिकेने केलेली. २००६ च्या सुमारास त्यावरून केबलवाल्यांची चांगलीच पळापळ झाली होती. त्यामुळे असले सिनेमे आपल्या टीव्हीवर येतात ते इतके कापून, की हिरो तोंड उघडतो आणि आवाजच जातो. मग लोक काय करायचे? सीडीवाल्याकडे जायचे. "मास्टर प्रिंट आली का?" हा प्रश्न पुण्या-मुंबईपासून सांगली-अकोल्यापर्यंत एका सुरात विचारला जायचा. सिनेमा लागल्याच्या दुसऱ्या दिवशी जी मिळायची ती 'थिएटर प्रिंट': हलणारा कॅमेरा, मध्येच उठून जाणाऱ्या माणसाचं डोकं, आणि कुठल्यातरी परक्या थिएटरातला खोकला. मास्टर प्रिंट यायची ती अमेरिकेत अधिकृत डिस्क निघाली की. म्हणजे सेंट लुईसच्या कोर्टात डिसेंबरच्या डिस्कचं जे काही ठरणार होतं, ते आपल्या गल्लीतल्या सीडीवाल्याच्या काळ्या पिशव्यांपर्यंत पोचणार होतं. चोरीचा माल होता, त्याचं कौतुक मला करायचं नाही. पण ही साखळी होती खरी.

तर, न्यायाधीशांनी मनाई नाकारली होती ती थिएटरवाल्यांच्या नुकसानीकडे बघून. डिस्क निघायला सहा महिने अवकाश. तिथे 'तिकिटं विकून झाली आहेत हो' ही सबब चालणार नव्हती. वॉर्नरने हे ओळखलं आणि जूनमध्ये कोर्टाला लिहून दिलं, की तोपर्यंत वाद मिटला नाही, तर घरी बघायच्या आवृत्तीत आम्ही संगणकावर हा टॅटू बदलून त्या जागी दुसरा बसवू.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय करावं लागलं असतं बघा. स्टू बँकॉकमध्ये डोळे उघडतो तिथपासून लग्नाच्या मांडवापर्यंत ती नक्षी त्याच्या तोंडावर आहे. तो पळतो, घाम गाळतो, रडतो, अंधाऱ्या टॅक्सीत बसतो. सेकंदाला चोवीस चौकटी. प्रत्येक चौकटीत भुवई किती उचलली, गाल किती ताणला, उजेड कुठून येतो, हे सांभाळत नवी नक्षी त्या कातडीवर बसवायची. वर शेवटचा पेच: लग्नात खुद्द माइक टायसन गाणं म्हणायला हजर होतो. नवरदेवाच्या आणि पाहुण्याच्या चेहऱ्यावर एकच गोंदण, हाच तर विनोद. नक्षी बदलली की तो विनोदच गळून पडला असता.

तशी वेळ आली नाही. जून संपायच्या आत मध्यस्थामार्फत तडजोड झाली. अटी गुलदस्त्यात राहिल्या. ६ डिसेंबर २०११ ला डिस्क बाजारात आली ती मूळ गोंदणासह. माझ्या कपाटात ती आहे. थिएटरमध्ये तो टॅटू पाहताना मी फक्त हसलो होतो. घरी पॉजचं बटण दाबून पाहिला. भुवईच्या वर टोकदार वळण, डोळ्याच्या कोपऱ्यातून खाली उतरणारं दुसरं, मध्ये कोरी सोडलेली कातडी. काम सुबक आहे, यात शंका नाही.

पण ही नक्षी मुळात कुणाची? हा प्रश्न न्यूझीलंडमधून आला. तिथल्या माओरी लोकांत चेहरा गोंदवण्याची जुनी परंपरा आहे. ते नुसतं सुशोभन नसतं. माणसाचं कूळ, वंश, मान सगळं त्यात असतं. ङाहुइया ते आवेकोटुकू या माओरी विदुषींनी तेव्हा कडक शब्दांत सुनावलं: गोऱ्या माणसाने कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाच्या तोंडावर माओरी वाटेल अशी नक्षी काढायची, आणि वर ती माझ्या बुद्धीची मालमत्ता म्हणायचं, हे धाडसच म्हणायचं! कोर्टात या मुद्द्यावर निकाल झालाच नाही. मला वाटतं, अख्ख्या प्रकरणात सगळ्यात वजनदार बोलणं बाईंचंच होतं.

त्याच वर्षी आपल्याकडेही 'डॉन टू'साठी शाहरुख खानच्या दंडावर काढलेल्या 'डी'च्या गोंदणाची कॉपीराइट नोंदणी झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. जत्रेत बसून हातावर नाव गोंदवून देणाऱ्या बाईला हे सांगितलं असतं, तर तिने आधी आपले पैसे मागून घेतले असते आणि मग हसली असती.

याच सिनेमाच्या चित्रीकरणात, डिसेंबर २०१० मध्ये, बँकॉकला एका ऑस्ट्रेलियन स्टंटमनच्या डोक्याला गंभीर इजा झाली. त्यानेही दावा केला, तोही पुढे मिटला. पण एक नोंदवून ठेवतो. माणूस जायबंदी झाला त्यावरून सिनेमाची एक चौकटही बदलायची चर्चा माझ्या वाचनात आलेली नाही. गोंदणावरून अख्खा चेहरा बदलायची तयारी झाली. कायदा कशाला हात लावू शकतो आणि कशाला नाही, त्याचं हे चित्र आहे.

डिस्क बाजारात आली आणि दोन आठवड्यांत दुसरं भांडण उभं राहिलं. या वेळी एका बॅगेवरून.

विमानतळावरचा प्रसंग. ॲलन, म्हणजे झॅक गॅलिफिअनाकिस, लाडावलेला पोरगेला इसम, खुर्चीवर बसलाय. शेजारी त्याची बॅग. नवरीचा भाऊ बसायला जागा हवी म्हणून ती हलवतो. ॲलन ठसक्यात म्हणतो, जपून, ती 'लुइस' व्हुइटॉन आहे! एवढाच विनोद: महागाची ऐट मिरवायची आणि नाव धड घेता येत नाही. पण बॅग खरी लुई व्हितॉनची, म्हणजे त्या महागड्या फ्रेंच कंपनीची, नव्हतीच. ती डायोफी नावाच्या दुसऱ्याच कंपनीची, तशाच नक्षीची. लुई व्हितॉनचं म्हणणं, हा आमच्या मालाची नक्कल करणारा माल आहे आणि तुम्ही तो आमचा म्हणून दाखवता.

सिनेमा थिएटरात असताना त्यांच्या नजरेला आलं, त्यांनी वॉर्नरला नोटीस पाठवली. वॉर्नरने गोंदणाच्या वेळी शिकलेला धडा इथे वापरला नाही. नोटीस हातात असताना बॅगेसकट डिस्क काढली. २२ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दावा दाखल झाला, आणि दाव्यात आवर्जून लिहिलं होतं की आम्ही सांगूनही यांनी डिस्क बाजारात आणली.

न्यायाधीश अँड्र्यू कार्टर यांनी १५ जून २०१२ ला दावा फेटाळला, साक्षीपुराव्यापर्यंतही जाऊ दिलं नाही. त्यांचा निकाल वाचायला मजा येते, कारण त्यात एक न्यायाधीश गंभीरपणे एका विनोदाची फोड करत बसले आहेत. बॅग पडद्यावर सगळी मिळून तीस सेकंदही दिसत नाही. ॲलनचं ते वाक्य त्याचा स्वभाव दाखवतं. नाव मोठं आहे हे प्रेक्षकाला माहीत आहे म्हणूनच त्याची चूक हसवते. म्हणजे कलेशी त्याचा संबंध आहे. आणि एवढ्यावरून कुणी असं समजणार नाही की या सिनेमाला लुई व्हितॉनने आशीर्वाद दिला आहे. बास. बॅग डिस्कवर राहिली.

डिस्कवर राहिलेली आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती मला खटकते. सिनेमाच्या शेवटी, श्रेयनामावलीबरोबर, त्या विसरलेल्या रात्रीचे फोटो एकेक करून दाखवतात. त्यात एक फोटो व्हिएतनाम युद्धातल्या एडी ॲडम्सच्या प्रसिद्ध छायाचित्राची नक्कल आहे: १९६८, सायगावचा रस्ता, कानशिलावर रोखलेलं पिस्तूल. त्या मूळ चित्रात एक खरा माणूस मरतो आहे. समीक्षकांनी तेव्हा यावर टीका केली होती. थिएटरमध्ये तो क्षणभर येतो आणि जातो. लोक उठून बाहेर पडत असतात. घरी ती सोय नाही. हातात रिमोट असतो, चित्र थांबतं, आणि बघावं लागतं. या फोटोसाठी कुणी नोटीस पाठवली नाही, कुणी मनाई मागितली नाही. कारण तिथे दुखावला गेलेला पक्ष वकील नेमू शकत नव्हता.

गोंदणाच्या खटल्याचा धसका मात्र पुढे बराच टिकला. अमेरिकन फुटबॉल खेळाडूंच्या संघटनेने त्यानंतर खेळाडूंना सांगायला सुरुवात केली की अंगावर काही गोंदवून घेतलंत, तर गोंदवणाऱ्याची लेखी संमती आधी घेऊन ठेवा. उद्या जाहिरातीत किंवा व्हिडिओ गेममध्ये तुमचा दंड दिसला तर भानगड नको. व्हिडिओ गेमवाल्यांवर तसे खटले झालेही. एका बास्केटबॉल गेमचा निकाल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने गेम बनवणाऱ्यांच्या बाजूने दिला: खेळाडूचा चेहरा आणि अंग दाखवायचं तर त्याच्यावरचं गोंदण दिसणारच.

सिनेमा बघायचा असेल तर बघा. मुलं झोपल्यावर बघा, आणि सासरेबुवांचं पेजेवरचं भाषण चुकवू नका.

नमस्कार.